‘छपरी’ : घराची शिवी होते तेव्हा

(बडोद्यातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा, छपाईसाठी थोडा सावरलेला मजकूर)



24 मार्च 2024 रोजी अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर गुजरात टायटन्स आणि मुंबई इंडियन्स यांचा सामना होता. मुंबईचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीला मैदानात आला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. रोहित शर्माला बाजूला सारून त्याला कर्णधार केल्याचा राग त्यात होता. शिवाय 2022 मध्ये ज्या गुजरात संघाला त्याने विजेतेपद मिळवून दिले, तो संघ सोडल्याचा रागही होता. मैदानावर हुर्यो उडणे काही नवे नाही. नवा होता त्या गलक्यातून पुन्हा पुन्हा कानी येणारा एक शब्द : छपरी. आठवड्याभराने मुंबईत वानखेडेवरही तीच तऱ्हा झाली. नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली.

पंड्या बडोद्याचा. जन्म सुरतेकडचा असला तरी खेळाडू म्हणून तो घडला इथे, किरण मोरे यांच्या अकादमीत. तो रणजीही बडोद्याकडूनच खेळला. 29 जून 2024 रोजी ब्रिजटाऊनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक त्याने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. जुलैमध्ये उघड्या बसवरून त्याची बडोद्यात मिरवणूक निघाली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडा माणसांनी फुलल्या होत्या. मार्चमधली शिवी जुलैत कोणाच्या तोंडी नव्हती. पण शब्द काही मेला नाही, त्याला दुसरे धनी मिळाले. आजचे व्याख्यान त्या शब्दाबद्दल आहे. तो आला कुठून, त्याचा अर्थ काय, आणि तो उच्चारताना बोलणारा नेमके काय करतो, एवढेच इथे पाहायचे आहे.

आधी आजचा अर्थ. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत, बडोद्याच्या फतेहगंजात, नाशिक-नागपूरच्या चहाच्या टपऱ्यांवर हा शब्द विशेषण म्हणूनही चालतो आणि नाम म्हणूनही. ‘काय छपरी केस कापलेत’, ‘छपरी गाडी’, ‘छपरीगिरी बंद कर’, ‘आला बघ छपरी’. डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते साधारण ठरलेले असते. लाल-पिवळे रंगवलेले केस, अंगाला चिकटलेली फाटकी जीन्स, मोठा गॉगल, सायलेन्सर बदलून कानठळ्या बसवणारी मोटरसायकल, भर रस्त्यात चाललेले रीलचे चित्रीकरण. म्हणजे उथळ, भडक, दिखाऊ आणि बेशिस्त.

एवढाच अर्थ असता तर शब्द निरुपद्रवी म्हणता आला असता, कारण उथळपणाला नावे ठेवण्याचा हक्क प्रत्येक पिढीला असतो. पण हेच रंगवलेले केस सिनेमानटाच्या डोक्यावर असले की ती फॅशन ठरते. फाटकी जीन्स महागड्या दुकानातली असली की तिला कोणी छपरी म्हणत नाही. दहा-वीस लाखांची मोटरसायकल कितीही किंचाळली तरी तिचा मालक ‘शौकीन’ असतो. शब्दाचे लक्ष कपड्याच्या रंगापेक्षा कपड्याच्या किमतीवर अधिक असते. ज्याच्या खिशात पैसा नाही आणि तरी ज्याने नटायचे धाडस केले, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवलेला आहे.

हा काळही लक्षात घ्यावा. स्वस्त मोबाईल आणि स्वस्त इंटरनेट हाती आल्यावर टिकटॉकवर लहान गावांतली, झोपडपट्ट्यांतली, शेतमजुरांची मुले नाचू-गाऊ लागली. आजवर पडद्यासमोर बसलेला वर्ग पडद्यावर आला. मे 2020 मध्ये यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांची जाहीर जुंपली, आणि त्या भांडणात टिंगलीचा सूर वर्गाचाच होता. 29 जून 2020 रोजी सरकारने 59 चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकही गेले. टिंगल मात्र उरली आणि ‘छपरी’ हे तिचे आवडते हत्यार झाले.

याआधी हे काम करणारे शब्द नव्हते असे नाही. मवाली होता, सडकछाप होता, रोडरोमिओ होता, टपोरी होता. त्यांतला टपोरी तर मोठा नशीबवान. मराठीत टपोरे असतात ते मोती, टपोरे असतात ते डोळे आणि जोंधळ्याचे दाणे. मुंबईच्या नाक्यावर त्याचा अर्थ उनाड झाला, पण 1995 च्या ‘रंगीला’त आमिर खानने टपोरी रंगवला आणि त्या शब्दाला लाडिकपणा आला. टपोरी हसवतो, भांडतो, प्रेमात पडतो, प्रेक्षक त्याच्या बाजूने असतात. छपरीच्या वाट्याला असा सिनेमा अजून आलेला नाही.

आता जुना अर्थ. छप्पर हा शब्द हिंदी, मराठी, गुजराती या तिन्ही भाषांचा. गुजरातीत तो ‘छापरुं’ होतो. गवत, पेंढा, पळसाची पाने, झावळ्या यांनी शाकारलेले उतरते आच्छादन म्हणजे छप्पर. मृगाआधी ते उसवून नव्याने घालायचे, त्या कामाला शाकारणी म्हणतात. मराठीत छपरी म्हणजे लहान छप्पर, घराच्या पुढे किंवा बाजूला काढलेली उतरती पडवी. पाहुण्याचे घोंगडे तिथे पडे, लाकूडफाटा तिथे रचला जाई, म्हातारा माणूस दुपारी तिथेच कलंडे. जुन्या वाड्यांतून छपरी पलंग असत. चार खांब, वर छत, कडेने झालर, असे ते श्रीमंतीचे लक्षण. ओठांवर छपरासारख्या उतरलेल्या भरघोस मिशांनाही छपरी मिशा म्हणत, आणि त्या मिरवणारा माणूस दरारा बाळगून असे. तेव्हा या शब्दात हिणकस असे काही नव्हते.

पण छपरांतही उतरंड होती. कौलारू घर, धाब्याचे घर, माडीचे घर आणि गवती छपराचे घर यांत गावाने कायम फरक केला. माणूस किती पाण्यात आहे हे त्याच्या छतावरून ओळखले जाई. शहर वाढले, गवत जाऊन पत्रा आला, पण नाव छप्परच राहिले. गुजरातीत तर झोपड्यांच्या वस्तीला सरळ ‘छापरां’ म्हणतात. छपरी म्हणजे छपराखालचा, छपरात राहणारा, हा अर्थ बडोद्याच्या कानाला समजावून सांगावा लागत नाही. घाटावरून आला तो घाटी, बाजारात वावरतो तो बाजारी, त्याच रांगेतला हा शब्द आहे.

इथवर सगळे सरळ आहे. पण गेल्या काही वर्षांत या शब्दाची दुसरी एक व्युत्पत्ती खूप पसरली आहे. तिच्या मते छपरी म्हणजे ‘छप्परबंद’ या जमातीच्या नावाचा तुकडा, म्हणून तो जातिवाचक शिवीचा शब्द. हा दावा तपासण्याआधी ही जमात कोण ते पाहिले पाहिजे, कारण शब्द वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिचे नाव ऐकलेले असते.

छप्परबंद म्हणजे छपरे घालणारे, शाकारणी करणारे. दख्खनमधला हा मुस्लिम समाज मुख्यतः विजापूर-सोलापूर पट्ट्यातला. मोगली फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांच्या छावण्यांना छपरे उभारून देणारे कारागीर त्यांच्याबरोबर आले आणि फौजा संपल्यावर कामाविना राहिले, अशी त्यांची परंपरागत हकिकत आहे. इंग्रजी अमलात त्यांच्यावर खोटी नाणी पाडण्याचा शिक्का बसला. मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी 1908 मध्ये इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर एक पुस्तक काढले. त्यात छप्परबंदांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते फकिराच्या वेशात कसे फिरतात, मातीच्या साच्यात नाणे कसे ओततात, बाजारात ते कसे खपवतात, असा सगळा तपशील पोलिसांना उपयोगी पडावा म्हणून मांडलेला. काही माणसांनी केलेल्या गुन्ह्यांवरून आख्खी जमात जन्मजात गुन्हेगार ठरवायची, हा त्या काळाचा शास्त्रीय समज होता.

या समजाला कायद्याचे बळ होते. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा 1871 चा. तो आधी उत्तरेत लागू झाला आणि 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. 1924 मध्ये सगळे एकत्र करून नवा कायदा झाला. नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी आणि तारेच्या कुंपणाच्या वसाहती. ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विजापूरकडे या वसाहतींची सुरुवात झाली आणि मग त्या हुबळी, गदग, सोलापूर अशा गिरण्यांच्या गावी पसरल्या. गिरणीला स्वस्त मजूर मिळाला, सरकारला पहारा सोपा झाला. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव आहे आणि ते पत्त्यात लिहिले जाते. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत, त्यांत छप्परबंद एक.

या सगळ्याला एक विचित्र उलटी बाजू आहे. उत्तर हिंदुस्थानच्या जुन्या महसुली भाषेत ‘छप्परबंद रयत’ म्हणजे गावात स्वतःचे घर असलेली, कायम वस्तीची, पिढीजात रयत. एकाच शब्दाने एका मुलखात पत सांगितली आणि दुसऱ्या मुलखात पोलिसांचे रजिस्टर भरले.

आता दावा. छप्परबंद या नावाचा ‘बंद’ गळून ‘छपरी’ उरला असे म्हणायचे, तर मधला टप्पा दाखवता आला पाहिजे. जमातीचे लोक, त्यांचे दाखले, पोलिसांची पुस्तके, सरकारी याद्या सगळीकडे नाव पुरते लिहिलेले आहे, छप्परबंद. शिवाय शिवी ज्यांच्या तोंडी रुळली ती शहरी मुले या जमातीला ओळखतही नाहीत. जातीचे नाव शिवी होते ते शेजारपाजाऱ्याच्या तोंडून, अपरिचिताच्या तोंडून क्वचितच. उलट छप्पर, छापरां, छपरी ही वाट सरळ आहे, तिला कुठलाही शब्द तोडावा-मोडावा लागत नाही. तेव्हा शब्दाची घडण पाहता छपरी हा छपरातून आला, छप्परबंदातून नव्हे, असा निवाडा करावा लागतो. दोघांचे मूळ एकच, पण एक दुसऱ्याचा बाप नाही.

लोकव्युत्पत्ती खोटी ठरली तरी ती निर्माण का झाली, हा प्रश्न उरतोच. बडोद्यात याचे उत्तम उदाहरण राजघराण्याच्या नावातच आहे. गायकवाड या आडनावाची कथा सर्वांना ठाऊक आहे. कसाई हाकून नेत असलेल्या गाई एका पूर्वजाने कवाडाआड घेऊन वाचवल्या, म्हणून गाय आणि कवाड. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकते की नाही याची फिकीर कोणी केली नाही, कारण घराणे स्वतःबद्दल ती अभिमानाने सांगत आले. राजाच्या नावाची गोष्ट राजाचे लोक सांगतात. छप्परबंदांच्या नावाची गोष्ट मात्र फौजदाराने लिहिली आणि पुढे अनोळखी माणसांनी पसरवली. कवाडावरून राजवंश निघतो आणि छपरावरून शिवी, यात कवाडाचा किंवा छपराचा काही गुण-दोष नाही. सांगणारा कोण, एवढाच फरक आहे.

शिवाय छपरीची ही खोटी वंशावळ लोकांना पटकन खरी वाटली, त्याला कारणही आहे. असे शब्द मराठीत आणि गुजरातीत खरोखरच आहेत. भामटा घ्या. विमुक्तांच्या यादीत भामटा आहे, राजपूत भामटा आहे, आणि रोजच्या मराठीत भामटा म्हणजे ठक. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘भामट्याने वृद्धेस गंडवले’ असे छापताना कोणाचा हात अडखळत नाही. बेरड घ्या. सुरपूरला राज्य करणाऱ्या, मोगलांशी झुंजलेल्या जमातीचे हे नाव, आणि मराठीत बेरड म्हणजे निगरगट्ट, कशाचीच लाज न वाटणारा. गुजरातेत ‘वाघरी’ या शब्दाचे तेच झाले. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या, डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या या जमातीच्या बायका बडोद्याच्या प्रत्येक गल्लीत आल्या-गेल्या, घराघरांतले जुने कपडे त्यांनीच पुन्हा बाजारात आणले. पण घाणेरडे, भांडखोर वागणे म्हणजे ‘वाघरीवेडा’. शेवटी समाजाने नावच बदलले आणि स्वतःला देवीपूजक म्हणवून घेतले. सरकारी कागदांत आता ते नाव आहे, शेजाऱ्यांच्या जिभेवर अजून जुनेच आहे.

ही नावे झाली पोटापाण्याची आणि जातीची. दुसरी तऱ्हा आहे वस्तीची. संस्कृत काव्यशास्त्रात मम्मटाने काव्यातले दोष मोजले तेव्हा त्यांत ‘ग्राम्य’ हाही एक दोष धरला. गावातला शब्द काव्यात आला की काव्य बिघडते. त्याच्या उलट ‘नागर’ म्हणजे शहरातला, म्हणून सुसंस्कृत. मराठीत गावंढळ, गावठी, गुजरातीत गामडियो. मुंबईत घाटी, गोव्यातही घाटी, मग बोलणाऱ्याने घाट कधी चढलेला असो वा नसो. इंग्रजीतला ‘व्हिलन’ मुळात जहागिरीच्या वाडीवर राबणारा कुळवाडी. दूर राहणारा, वेगळ्या घरात राहणारा, लहान घरात राहणारा माणूस वाईट असतो, असे भाषा किती सहज धरून चालते! छपरी या जुन्या रांगेत शेवटी येऊन उभा राहिला, एवढेच.

या रांगेतले सर्वांत बोलके उदाहरण विलायतेत सापडते. इंग्लंडमध्ये भडक कपडे, सोन्याच्या साखळ्या, बनावट नामवंत छापाच्या टोप्या घालणाऱ्या गरीब गोऱ्या पोरांना ‘चाव’ म्हणतात. ऑक्सफर्डने 2004 चा शब्द म्हणून तो निवडला होता. 2011 मध्ये ओवेन जोन्स या लेखकाने त्यावर पुस्तक लिहून दाखवले की या थट्टेआड कामगारवर्गाचा तिरस्कार दडला आहे. तिथेही एक खोटी व्युत्पत्ती पसरली. सरकारी घरांत राहणारे आणि दंगेखोर, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘चाव’ झाला, असे लोक सांगू लागले. म्हणजे पुन्हा घरच! प्रत्यक्षात तो रोमानी भाषेतला शब्द आहे, ‘चावो’ म्हणजे पोरगा. रोमानी ही युरोपातल्या भटक्यांची भाषा, आपल्याच भारतीय आर्य कुळातली. तिथला चावो आणि आपला मराठी ‘छावा’ हे एकाच प्राकृत घराण्यातले. मराठीत शिवाजी सावंतांनी 1979 मध्ये संभाजीराजांवरच्या कादंबरीला ‘छावा’ नाव दिले आणि ते मराठी माणसाच्या छातीवर कोरले गेले. तोच शब्द भटक्यांच्या पालातून इंग्लंडच्या रस्त्यावर गेला आणि शिवी झाला. शब्दाच्या अंगात पाप नसते याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

बडोद्याचा या विषयाशी संबंध पंड्यापुरता नाही. सप्टेंबर 1917 मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण घेऊन, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले, ओळख उघड झाल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कमाटीबागेत एका झाडाखाली ते बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पुढे 1928 मध्ये मुंबई सरकारने मागास वर्गांच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते तेच वसाहतींचे स्टार्ट आणि सभासदांत होते आंबेडकर. डोक्यावर छप्पर नसणे म्हणजे काय हे त्या समितीत एका सभासदाला तरी पुस्तकाबाहेर ठाऊक होते.

दुसरा दुवा अशाच एका स्मृती व्याख्यानाचा. 1998 मध्ये लेखिका महाश्वेता देवी बडोद्यात व्हेरियर एल्विन स्मृती व्याख्यान द्यायला आल्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांच्या ‘भाषा’ संस्थेने ते घडवून आणले होते. महाश्वेता देवी बोलल्या विमुक्त जमातींवर. त्यातूनच गणेश देवी, महाश्वेता देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला. त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरात छारा या विमुक्त जमातीच्या मुलांचे बुधन थिएटर सुरू झाले. पोलीस कोठडीत मारला गेलेला पुरुलियाचा बुधन शबर हा त्यांच्या पहिल्या नाटकाचा विषय होता. पुढे 2010 मध्ये गणेश देवी यांनी भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा आरंभही बडोद्यातूनच केला.

या तिघांतल्या लक्ष्मण गायकवाडांचे आत्मकथन म्हणजे ‘उचल्या’. 1987 मध्ये ते आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उचल्या हे जमातीचे नाव आणि चोराची शिवीही. लेखकाने तीच उचलून मुखपृष्ठावर ठेवली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (1980) आणि भीमराव गस्ती यांच्या ‘बेरड’ने हेच केले. मराठी वाचकाला ज्या शब्दाची लाज वाटायला हवी होती, तो त्याला पुस्तकाच्या दुकानात मोठ्याने मागावा लागला. शिवीला उत्तर देण्याची इतकी परिणामकारक रीत मराठीने क्वचितच पाहिली असेल.

छपरीच्या बाबतीत तसे अजून घडलेले नाही. काही पोरे आपल्याच रीलखाली ‘होय, छपरी’ असे लिहून टिंगलीची धार बोथट करतात, ती सुरुवात म्हणता येईल. खास कायद्याचा आधार मात्र नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा 1989 चा कायदा महाराष्ट्रातल्या विमुक्त यादीतल्या छप्परबंदांना लागू होत नाही. आणि शब्द छपरावरून आला असेल, तर झोपडीत राहणाऱ्याचा अपमान हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही.

इथे एक पळवाट बंद केली पाहिजे. ‘छपरीचा छप्परबंदांशी संबंध नाही, हे आताच सिद्ध झाले, मग वापरायला हरकत काय?’ असे कोणी म्हणेल. हरकत आहे. जातीचे नाव असते तर शब्द एका जमातीला लागला असता. घराचे नाव असल्यामुळे तो पत्र्याखाली राहणाऱ्या प्रत्येकाला लागतो. व्युत्पत्ती बदलल्याने अपराध हलका होत नाही, त्याचा पल्ला वाढतो.

सयाजीरावांच्या काळात, 1931 मध्ये, याच शहरातून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. इंग्रजी कायद्याच्या आणि कारभाराच्या शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली प्रतिशब्द देणारा तो कोश. कचेरीत वापरायचे शब्द बडोद्याने एवढ्या निगुतीने गोळा केले. रस्त्यावर वापरले जाणारे शब्द गोळा करायचे काम राहिले आहे. मराठी-गुजराती एकाच गल्लीत नांदणाऱ्या या शहराइतकी त्याला सोयीची जागा दुसरी नाही. इथल्या मराठी संस्थांनी आणि विद्यापीठाच्या मराठी, गुजराती विभागांनी ते मिळून हाती घ्यावे. त्यात छपरी, भामटा, बेरड, वाघरी हे शब्द गाळू नयेत. गाळलेला शब्द कोशाबाहेर जोमाने वाढतो. प्रत्येकासमोर अर्थ द्यावा, मूळ द्यावे, कोण कोणाला म्हणतो ते द्यावे, आणि ज्यांना म्हटले जाते त्यांचे म्हणणेही नोंदवावे. यातले शेवटचे काम आजवरच्या कोशकारांनी केलेले नाही. ते बडोद्याने सुरू करावे, एवढी या व्यासपीठावरून विनंती.